आपल्या साइटची पहिली ओळ

बस्या, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर तुला 'अजातशत्रू' म्हटलंय. तुला. ज्यानं हा फ्लेक्स छापला त्या माणसाशीसुद्धा तू कित्येक महिने बोलत नव्हतास, कारण त्यानं एका दवाखान्याच्या बोर्डावर 'सुवर्णसंधी' हा शब्द घातला होता. अजातशत्रूच्या खाली 'सदा हसतमुख', त्याखाली 'दानशूर व्यक्तिमत्त्व', आणि तळाला 'शोकाकुल : समस्त मित्रपरिवार'. फोटो कुणीतरी लग्नातला काढून दिलाय. त्यात तू कपाळाला आठ्या घालून कुणाशी तरी वाद घालतोयस, आणि शेजारी लिहिलंय हसतमुख. येणारे-जाणारे वाचतात आणि पुढे जातात.

मी गाडी बाजूला लावून उभा राहिलो. इतका राग आला की रडूच येईना. असलं काही दिसलं की ज्याला फोन लावायचा, 'बघ, काय लिहून ठेवलंय' म्हणून, तोच वर फोटोत. बरं, दोष तरी कुणाला देऊ? तुझ्या मेव्हण्यानं आधी मलाच विचारलं होतं. तुम्ही वेबसाइटवाले, दोन ओळी लिहून द्या म्हणाला. मी हो म्हणालो आणि कोरा कागद घेऊन बसलो तो बसलोच. शेवटी त्यानं मोबाइलला सांगितलं आणि मोबाइलनं चहा गार व्हायच्या आत लिहून दिलं. जे शब्द तू जन्मभर दाराबाहेर उभे केलेस, ते सगळे तुला पोचवायला हजर झाले.

तुझ्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेच्या जेवणाला, आपली बहुतेक गिऱ्हाइकं आली होती. हात धुता धुता एकेकानं मला मंडपाच्या कडेला गाठलं. सुरुवात तुझ्यापासून, लई वाईट झालं, वय काय होतं असं, आणि लगेच गाडी मूळ मुद्द्यावर. आता साइटचा मॅटर कोण लिहिणार? मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्या शेठची साइट अर्धी राहिलीय, त्यांनी तर खांद्यावर हात ठेवून विचारलं. मी सगळ्यांना 'बघू' म्हणालो. या शब्दाची तुला किती चीड होती ते मला माहीत आहे. पण दुसरं काय सांगणार होतो? आपल्या धंद्यात पानं बांधायचं काम माझं. रंग, चित्रं, बटणं माझी. शब्द तुझे. इतक्या वर्षांत मी स्वतःहून एक वाक्य लिहिलं नाही, कारण लिहिलं की तू ते खोडायचास.

पाहुणे पांगल्यावर वहिनी आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीसारखा. तुझा मोबाइल त्यांच्या हातात होता.

"भावजी, बंद करणार असाल तर मला आधी सांगा की. बाहेरनं कळायला नको."

मी म्हणालो, बंद कशाला करू. मग त्या म्हणाल्या, चालू असेल तर तसं साइटवर लिहा. फोन ह्यांच्याच नंबरवर येतात, मी काय सांगायचं लोकांना? मी मान डोलावली आणि मनात तुला शिव्या दिल्या. कारण आपल्या साइटवर काय आहे हे तुला चांगलं ठाऊक आहे. 'लवकरच येत आहोत.' आणि खाली तुझा नंबर. सोलापुरातल्या अर्ध्या पेठेच्या साइटी आपण केल्या आणि आपली स्वतःची आजपर्यंत रिकामी, कारण पहिल्या ओळीवर आपलं एकमत झालं नाही. आता ती ओळ मला एकट्याला लिहायचीय. नाही जमली तर जिन्यावरची आपल्या ऑफिसची पाटी उतरवायची आणि वहिनींना आधी सांगायचं. एवढी साधी गोष्ट आहे. आणि हे काम तुझं होतं, माझं नव्हतं.

कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो. मी सांगोल्याकडून आलेला, घरी मेंढरं, तोंड उघडलं की 'न्हाय' आणि 'कुटं'. तू अक्कलकोटच्या पलीकडचा, घरात सगळं कानडी. शहरातल्या पोरांनी दोघांच्याही मराठीला हसावं अशी अवस्था, आणि तरी तू माझी मराठी सुधारायला निघालास. हा आगाऊपणा तुझ्यात तेव्हापासून होता. मला वाटतं, भाषा तू बाहेरून आत शिरून शिकलास, म्हणून तुला तिच्यात फुकटचा एक शब्द सहन व्हायचा नाही. माझ्या डिझाइनवर नजर टाकून तू 'साकु' म्हणायचास. कानडीत पुरे. तेवढ्या एका शब्दावर मी किती पानं फेकून दिली असतील.

तुझी काम करायची रीत तर सांगायलाच नको. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचं माहितीपत्रक तू उघडूनसुद्धा बघायचा नाहीस. त्यालाच दुसऱ्या नंबरवरून फोन लावायचास, गिऱ्हाईक बनून. वाटेल ते प्रश्न विचारायचास, आणि समोरचा पहिल्या झटक्यात जे बोलेल ते साइटवर सगळ्यात वर. माणूस विकायला बसला की खोटं बोलतो, पण फोन उचलल्यावर पहिलं वाक्य खरं बोलतो, असं तुझं म्हणणं. मी म्हणायचो, बस्या, कधीतरी अंगाशी येईल.

आलंच. आमच्याकडच्या तात्यांची डाळिंबाच्या रोपांची नर्सरी. काम मी आणलेलं, नात्यातलं. तू अक्कलकोटचा शेतकरी झालास, मुरमाड जमीन सांगितलीस, आणि तात्यांनी पहिलंच विचारलं की विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का. टिकत नसलं तर रोपं घिऊ नगा, पैसं मातीत जातील. तू खूश. आपल्याला ओळ मिळाली. तिथं फोन ठेवायचा की नाही? पण तात्या बोलायला गोड आणि तू ऐकायला हावरा. त्यांनी बाग कशी धरायची, छाटणी कधी, सगळं सांगितलं, तू हो हो करत गेलास, आणि त्या हो-होच्या भरात ऑफिसचा पत्ता देऊन बसलास. दोन-तीन दिवसांनी आपल्या जिन्याखाली रोपांनी भरलेला टेंपो उभा. सोबत तात्या स्वतः.

मी ते वरून बघितलं. तात्या जिना चढून आले, मला ओळखलं, आणि विचारलं की हितं शेतकरी कुटाय. तू टेबलामागून उठलास, शर्ट खाली ओढलास आणि म्हणालास, मीच. तात्या तुझ्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. रोपं परत न्यायला ते तयार नव्हते. उन्हातनं एकदा हिंडलेलं रोप दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार नाही म्हणाले. मग आठवडाभर मी दारोदार डाळिंब वाटत फिरलो. दातांचे डॉक्टर, शिंपी, खालचा मिठाईवाला, सगळ्यांच्या गळ्यात एकेक रोप. तू मात्र वर बसून ती ओळ लिहीत होतास. 'उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकत नसेल तर डाळिंब लावू नका. आधी आमच्याशी बोला.' तात्यांची साइट आजही त्या ओळीनं उघडते. ओळ चांगली आहे, ते मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण रोपं मी वाटली, बस्या.

आणि दर वेळी तुझंच बरोबर निघायचं असंही नाही. उगाच आता तुला देव करायला नको, त्यासाठी फ्लेक्सवाले आहेत. चादरवाल्या कारखानदाराच्या साइटवर तू काय केलंस? त्यांना हवं होतं परंपरा, वारसा, सोलापूरची शान. तू सगळ्यात वर लिहिलंस, 'आमच्या गडद रंगाच्या चादरी पहिल्या एक-दोन धुण्यांत रंग सोडतात. वेगळ्या धुवा.' मालक ऑफिसात येऊन उभ्यानं ओरडले. मी पाणी दिलं, खुर्ची दिली, ओळ खाली घेऊ म्हणालो. तू शांतपणे म्हणालास की धुतल्यावर गिऱ्हाइकाला कळणारच आहे, मग ते आपल्याकडून कळलेलं काय वाईट. ओळ खाली घ्यायला तू तयार होईनास आणि मालक काम काढून घेऊन गेले. आता त्यांची साइट दुसऱ्या कुणी केलीय, शान आणि वारसा सगळं आहे तिच्यात, आणि त्यांचा माल व्यवस्थित खपतोय. हे मी तुला सांगितलं होतं तेव्हा तू खिडकीबाहेर बघत बसलास. ती ओळ पानाच्या मध्यावर टाकली असती तर काय बिघडलं असतं? ओरडा मी खाल्ला होता. निदान मला एकदा विचारायचं होतंस.

उलट दातांच्या डॉक्टरांचं घे. त्यांच्या पदव्या, परदेशातलं प्रशिक्षण, यंत्रांचे फोटो, सगळं तू तळाला ढकललंस आणि वर ठेवलंस, 'दात दुखत असेल तर आधी फोन करा. बाकीचं नंतर वाचा.' डॉक्टर आधी हिरमुसले, मग त्यांचा फोन खणखणायला लागला आणि ते गप्प झाले. त्या पानावर नंबर किती मोठा ठेवायचा ते मात्र मी ठरवलं होतं. तू हे सांगताना नेहमी विसरायचास.

माझं एकच म्हणणं होतं आणि ते मी अजून सोडलेलं नाही. साइट वाचणारा माणूस खुर्चीत बसलेला नसतो. तो उभा असतो, घाईत असतो, हातात मोबाइल, डोळ्यांवर ऊन. तू मोठ्या पडद्यावर लिहायचास आणि तुला वाटायचं सगळं जग सावलीत बसून वाचतंय. एकदा तू असाच लांबलचक परिच्छेद दिलास. मी तुला भर दुपारी एसटी स्टँडवर नेलं, उन्हात उभं केलं आणि मोबाइल हातात दिला. वाच म्हणालो. सांगोल्याची गाडी हॉर्न वाजवतेय, कंडक्टर ओरडतोय, आणि तू एका हातानं पडद्यावर सावली धरून स्वतःचंच लिहिलेलं शोधतोयस. पहिली दोन वाक्यं वाचलीस, मग मोबाइल माझ्याकडे परत दिलास. चहा पिऊ म्हणालास. संध्याकाळी परिच्छेदाच्या जागी एक ओळ होती. 'म्हाद्या, तुझं बरोबर होतं' एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? त्या दिवशी नाही, नंतर कधी नाही. आणि आता तर तू साफच सुटलास.

तर आपली साइट. मी म्हणायचो सरळ लिहू, 'सोलापुरात दुकानांच्या आणि कारखान्यांच्या वेबसाइट करून मिळतील.' तू म्हणायचास, हे रसवंतीच्या पाटीसारखं झालं. मी म्हणायचो, रसवंतीची पाटी वाचून लोक रस पितात की. मग तू तुझी ओळ काढायचास. 'आमच्याकडे काम उशिरा मिळतं.' धंद्याच्या पहिल्याच पानावर. मी कपाळावर हात मारायचो. तू म्हणायचास, खोटं आहे का? खोटं नाही रे, पण निदान पुढे कारण तरी लिही, की आम्ही आधी तुमचं नीट ऐकून घेतो म्हणून उशीर होतो. तर म्हणे कारण देणं ही फुशारकी. सणासुदीला, पावसाळ्यात, नव्या वर्षाला, दर वेळी आपण हा विषय काढला आणि दर वेळी चहावर संपवला.

शेवटच्या दिवशी तो मीच काढला. ज्वारीवाल्या शेठनी त्यांचा मॅटर मोबाइलातल्या एआय मशीनकडून लिहून आणला होता आणि तुझं डोकं सकाळपासून फिरलेलं. मी म्हणालो, आपलं पण घेऊ लिहून मशीनकडून, रिकामं ठेवण्यापेक्षा बरं. मी अर्धं गमतीत म्हणालो होतो, अर्धं खरंच, कारण मला कंटाळा आला होता. तू पिशवी उचललीस, दारात थांबलास.

"त्याला काय सांगणार बे? आपण काय करायलाव ते त्यानं कधी बघितलंय?"

मग बघितलंय कुणी, मी विचारलं. तू जिना उतरलास. मला वाटलं उद्या उत्तर देशील. सकाळी वहिनींचा फोन आला, बाथरूममधून तू बाहेरच आला नाहीस म्हणून. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी चादर वर ओढली होती. वाद अर्धा टाकून जायची ही कसली पद्धत, बस्या? प्रश्न मी विचारला होता. उत्तर द्यायची पाळी तुझी होती.

वहिनींना शब्द दिल्यावर मी ऑफिस उघडलं, तुझ्या खुर्चीकडे पाठ करून बसलो आणि सगळ्यात आधी मशीनलाच विचारलं. तुझ्यावरचा राग म्हण. त्यानं नम्रपणे लिहून दिलं. विश्वासाचं नातं, दर्जेदार सेवा, तुमच्या स्वप्नांना नवी उंची. वाचताना मला तुझा फ्लेक्स आठवला. तेच अजातशत्रू, तेच हसतमुख. हे कुणाबद्दलही खरं आहे आणि म्हणून कुणाबद्दलच नाही. त्याचा काय दोष, त्यानं तुला तात्यांसमोर शर्ट ओढत 'मीच' म्हणताना पाहिलेलं नाही. तिथं मला पहिल्यांदा रडू आलं. खालून मिठाईवाला कशाला तरी वर आला होता, तो दारातूनच परत गेला.

मग माझ्या ओळी. रसवंतीची लिहिली, वाचली, खोडली. तुझी लिहिली, ती पण खोडली. तू असतास तर तिच्यावर निभावलं असतं, कारण उशीर झाला की गिऱ्हाइकाशी भांडायला तू होतास. दुपारपर्यंत कागदावर नुसती खाडाखोड. पाटी उतरवायची झाली तर स्टूल लागेल, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात चिंचोळी एमआयडीसीतून एका कारखानदाराचा फोन आला. पंपाचे सुटे भाग करतात. तुझ्या नंबरवर केला होता, वहिनींनी माझा नंबर दिला. तू गेल्याचं त्या कारखानदारांना माहीत नव्हतं. त्यांनी दातांच्या डॉक्टरांचं पान बघितलं होतं आणि ते ज्यानं लिहिलंय त्याच्याशी बोलायचंय म्हणाले. मी 'बघू' म्हणणार होतो. तोंडातून भलतंच निघालं.

"ते बसवराजनं लिहिलंय. तो वारला. आता मीच लिहितो. तुम्ही आधी भेटा, पटलं तरच काम द्या."

पलीकडून कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "असं व्हय. लई वाईट झालं. मग तुमीच या की कारखान्यावर, माल बघायला." मी येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जे म्हणालो ते कागदावर उतरवायचं तेवढं राहिलंय.

तर ओळ अशी आहे. 'इथला मजकूर बसवराज लिहायचा. तो आता नाही. यापुढे महादेव लिहील. आधी येऊन भेटा, पटलं तरच काम द्या.' वहिनींना फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ह्यांचं नाव आधी घेतलंत ते बरं केलंत, आणि आता लोकांना काय सांगायचं ते मला कळलं. त्यांनी नंबर तोच ठेवायला सांगितलाय. फोन त्या उचलणार आहेत. तुझी उशिराची ओळ मी घेतलेली नाही, आणि नंबर पानाच्या अगदी वर ठेवलाय, अंगठ्याखाली येईल एवढा मोठा. पटत नसेल तर ये भांडायला.

आपल्याकडून आजवर एकही पान सुखासुखी बाहेर गेलं नाही. मी बटणावर बोट ठेवलं की तू हमखास 'थांब बे' म्हणायचास, एक शब्द काढायचास, मग परत तोच घालायचास, आणि मी ओरडलो की म्हणायचास, आता जाऊ दे. त्या एका थांबण्यापायी माझी निम्मी हयात गेली. आज मी ओळ तपासली, बटणावर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिलो, कितीतरी वेळ. मग दाबलं. पान गेलं. कुणी थांब म्हणालं नाही.